दुपारचा बिघाड

१३ जून १९९४, सोमवार

कंपनीत शिफ्ट संपली की लॉगबुक लिहायचं, ही सवय हाताला लागलेली. मला निवृत्त केल्यापासून लिहिण्यासारखं काही नव्हतं. आजपासून पुन्हा लिहितो, कारण काम आलं आहे, आणि कामाची नोंद नसली की माणूस तीच चूक दुसऱ्यांदा करतो.

दिनानाथची मुलगी रोहिणी पेणहून आली होती. दिनानाथ धाटावच्या कंपनीत स्टोअरला आहे, मी तिथेच इन्स्ट्रुमेंटला होतो. रोहिणीने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि नोकरी न धरता पेणला कॉम्प्युटरचा क्लास काढला. मुंबईच्या एका शाळेने मोडीत काढलेले सहा विलायती कॉम्प्युटर तिने आणले आहेत, टीव्हीला जोडून घरी वापरायचे असतात तसले. त्यांत प्रोग्रॅम चढवायचा तो कॅसेटवरून. टेप चालू करायची, चीं-चीं ऐकत बसायचं, आणि शेवटी स्क्रीनवर चूक दिसली की पहिल्यापासून सुरुवात. मुली कंटाळून घरी जातात म्हणाली. दिवाळीनंतर पेणची एक मुलींची शाळा आपले वर्ग तिच्याकडे पाठवायला तयार आहे, पण कॅसेटवर नाही.

तिने गोणपाटात गुंडाळून दोन जुन्या फ्लॉपी ड्राइव्ह आणल्या होत्या. "काका, ड्राइव्ह हायत, पण त्या कॉम्प्युटरला जोडणारा बोर्ड नाय. कुठं मिळत पण नाय. तुम्ही कराल का?"

मी नाही म्हणालो. फेब्रुवारीत कंपनीने हवेच्या दाबावर चालणारं जुनं पॅनेल उखडून नवं बसवलं आणि त्याच्याबरोबर मलाही उखडलं. तेव्हापासून माझी पाठ धरली आहे. मार्चपासून मी पडूनच होतो. डॉक्टरला पाठीत काही सापडलं नाही, कारण त्याला काही येत नाही. लोक मात्र उगाच काळजी करतात. मे महिन्यात एकदा कुंडलिकेच्या पुलावर हवा खायला उभा होतो, तर दिनानाथने स्कूटर थांबवली आणि मला मागे बसवून घरी आणून सोडलं. पुलावर उभं राहायलाही आता परवानगी लागते.

माझी बायको सारा म्हणाली, "बघा तरी उघडून." मी उघडून बघितली. रोहिणीला तिने गरम घावन वाढले. ती येणार हे जसं काही आधीच ठाऊक होतं, पीठ भिजवून तयार.

१६ जून, गुरुवार

फ्लॉपी ड्राइव्ह हे अगदी मठ्ठ यंत्र आहे. एक मोटर फ्लॉपी फिरवते, दुसरी मोटर वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या हेडला आत-बाहेर सरकवते, आणि मागे चौतीस तारांची चपटी पट्टी. कुठे काय लिहिलं आहे हे ड्राइव्हला कळत नाही. कॉम्प्युटरला ड्राइव्ह म्हणजे काय हेच ठाऊक नाही. मध्ये एक दुभाषा लागतो, तो हा बोर्ड. हेड सरकव, थांब, वाच, आता लिही, हे सगळं त्याने सांगायचं. अवघड भाग शेवटचा आहे. फ्लॉपीवरून नुसते ठोके येतात. त्यांतले वेळ दाखवणारे ठोके कुठले आणि माहितीचे कुठले, हे निवडावं लागतं. तांदळातून खडे निवडावे तसं, पण तांदूळ धावत असतात.

कागदावर आराखडा काढला. पाठ दुखली नाही. बसून काम केलं की बरी राहते असं दिसतं.

२८ जून, मंगळवार

रोहिणीने मुंबईहून आयसी आणून दिले. जोडले. चालू केलं. हेड आतल्या आत ठोकरा खात राहिलं, टक टक टक टक, जसं कुणी दार वाजवतंय. सबंध दिवस गेला. संध्याकाळी कळलं की पट्टीचं एक टोक मी उलटं बसवलं होतं. सात वर्षांच्या पोराने करावी अशी चूक. पट्टी भिरकावली, ती साराच्या भाताच्या पातेल्यात पडली. तिने काढून, धुऊन दोरीवर वाळत घातली. याचाही राग आला.

१० जुलै, रविवार

दिनानाथने जुना ऑसिलोस्कोप आणला. कंपनीच्या भंगाराच्या लिलावात घेतला म्हणतो. आता तारेतले ठोके डोळ्यांनी दिसतील. दिनानाथ हल्ली दर रविवारी येतो. पूर्वी वर्षातून दोनदा यायचा. बसतो, चहा पितो, माझ्याकडे बघतो आणि जातो. बोर्डातलं त्याला ओ की ठो कळत नाही. घरी करमत नसावं.

२१ जुलै, गुरुवार

चाललं.

सकाळी फ्लॉपी घातली, आज्ञा दिली, आणि फ्लॉपीवरच्या प्रोग्रॅमांची नावं स्क्रीनवर सरसर उतरली. कॅसेटला जिथे अख्खा तास जातो तिथे चहाचा घोट गिळेपर्यंत काम झालं. मी इतक्या जोरात हाक मारली की सारा अंगणातून ओल्या हातांनी धावत आली, तिचा चेहरा पांढरा पडलेला. स्क्रीन बघून ती तिथेच खाली बसली. मग उठून मलिदा केला. पोहे, खोबरं, गूळ, फळं सगळं साग्रसंगीत, आम्हा ज्यूंच्या एलियाहू हन्नबींची प्रार्थना म्हणून. नवस होता म्हणाली. शीरासाठी असणार. आमची मुलगी शीरा परदेशी अश्दोदला असते, तिला ऑक्टोबरात बाळ व्हायचं आहे.

जेवून पुन्हा चालू केलं तर चूक. पुन्हा चूक. संध्याकाळपर्यंत नुसती चूक. सकाळी ज्या फ्लॉपीतून वाचलं त्याच फ्लॉपीत.

३ ऑगस्ट, बुधवार

या बोर्डाला सकाळी अक्कल असते, दुपारी नसते. बाहेरच्या कडेचे ट्रॅक, म्हणजे माहितीची वर्तुळं, दुपारीही वाचतो, पण आत, मधल्या भोकाकडे जावं तसतसा अडखळतो. तिथे वर्तुळं लहान, ठोके दाटीवाटीने उभे, निवडणं कठीण, हे मला कळतं. पण मग सकाळी कसं जमतं?

एमएसईबीच्या व्होल्टेजवर संशय म्हणून स्टॅबिलायझर लावला. फरक नाही. टेबलफॅन लावला तर आणखी बिघडलं, कारण फॅनच्या मोटरचीच गडबड तारांत शिरते. रोहिणीला म्हटलं, सकाळचाच क्लास ठेव. ती हसली. मला हसू आलं नाही.

शीराचं पत्र आलं. आईने सप्टेंबर संपायच्या आत यावं. माझ्यासाठी वेगळी ओळ: बाबा, तुम्ही पण या, आता कायमचेच या. मी साराला सांगितलं, तू पुढे हो, बोर्ड झाला की मी निघतो. ती "बघू," म्हणाली.

साराने अंथरूण बाहेरच्या दारापाशी हलवलं आहे. तिथे वारा येतो म्हणते. दाराला तर कडी असते.

१७ ऑगस्ट, बुधवार

बोर्ड रेक्झिनच्या पिशवीत घालून एस.टी.ने पेणला नेला. तिथल्या विजेवर कसा चालतो ते बघायचं होतं. क्लासमध्ये दोनच मुली. बाकीच्या मूर्ती रंगवणाऱ्या हमरापूरच्या, आणि गणपती तोंडावर आले की त्यांच्या घरातल्या प्रत्येक हाताला ब्रश लागतो. त्या दोघींच्या नखांतही सोनेरी रंग होता. त्यांच्यासमोर बोर्डाने दुपारी बारालाच मान टाकली. एक मुलगी दुसरीला म्हणाली, कॅसेट बरी. मी ऐकलं.

रोहिणी मला एस.टी. स्टँडपर्यंत सोडायला आली. शाळेच्या बाईंचं काहीतरी वेगळंच चाललंय, असं सांगायला तिने सुरुवात केली आणि मध्येच थांबली. मग म्हणाली, "काका, घाई नाय हां. तुम्ही तुमच्या सवडीनं करा."

घाई नाही. जूनमध्ये दिवाळी गाठायची होती, आता घाई नाही. ज्याच्यावर भरवसा उरत नाही त्याला लोक असं सांगतात.

२ सप्टेंबर, शुक्रवार

एक चूक सापडली. तारेच्या शेवटी एक रेझिस्टरांचा संच लागतो, नाही तर ठोका टोकाला आपटून परत फिरतो. तो फक्त शेवटच्या ड्राइव्हमध्ये हवा. माझ्या दोन्ही ड्राइव्हमध्ये होता. एक काढला. ऑसिलोस्कोपवर ठोके एकदम स्वच्छ, धारदार. मला वाटलं, संपलं.

दुपारी पुन्हा तेच.

१६ सप्टेंबर, शुक्रवार

काल दारफाळणीचा उपास. प्रार्थनाघरात आम्ही सगळे मिळून नऊच पुरुष जमलो, दहा लागतात, म्हणून काही प्रार्थना तशाच राहिल्या. वर्षभराच्या गुन्ह्यांची माफी मागायचा दिवस, आणि मी डोळे मिटून ट्रॅक मोजत होतो. सारा बायकांच्या बाजूला बसली होती. प्रार्थना संपल्यावरही तशीच बसून राहिली, शेवटी मला हाक मारावी लागली. एवढं काय मागत होती कोण जाणे.

२९ सप्टेंबर, गुरुवार

सुरतेला प्लेग. पेपरात तेवढंच आहे. लोक तोंडाला रुमाल बांधून बाजारात फिरतात, बऱ्याच देशांनी विमानं बंद केली आहेत. साराचं जाणं राहिलं. तिने शीराला फोन करून कळवलं. मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला लिहू, सुटकाही वाटली. ती गेली असती तर जेवणाखाण्याचे हाल झाले असते आणि बोर्ड मागे पडला असता.

आज सगळे आयसी बदलले. उपयोग शून्य.

१७ ऑक्टोबर, सोमवार

शीराला मुलगी झाली. शेजारच्या केमिस्टकडे फोन आला, सारा धावत गेली. परत आली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली. दोघीही सुखरूप आहेत म्हणाली. शीराच्या सासूने सगळं केलं. मग शेजारी साखर वाटून आली.

काल दिनानाथ बोलता बोलता म्हणाला होता की विमानं सुरू होऊन आठवडा झाला. मी साराला विचारलं, मग आता का जात नाहीस? ती म्हणाली, तिकडे आता थंडी सुरू होते, माझ्याच्यानं झेपायची नाय. अश्दोदला ऑक्टोबरात कसली थंडी? पण बायकांचं मन कधी कुठे वळेल सांगता येत नाही. मी जास्त विचारलं नाही. माझ्यापुढे माझा प्रश्न आहे.

२५ ऑक्टोबर, मंगळवार

पेणला गेलो. रोहिणीने मला खालीच गाठलं, वर क्लासमध्ये रंगकाम चालू आहे म्हणाली. हॉटेलात चहा पाजला. ओल्या रंगाचा वास काही आला नाही. जिन्यावरून मुली उतरत होत्या, चांगल्या वीसेक तरी, शाळेच्या गणवेशातल्या. रंगकामात एवढ्या मुली कशाला बोलावल्या, असं विचारणार होतो, पण तिने बोलूच दिलं नाही. झोप लागते का? जेवता का? सकाळी फिरायला जाता का? कुठल्या बाजूला जाता? तिला आता कॉम्प्युटरपेक्षा माझ्या झोपेत रस.

मी बोर्डाबद्दल सांगितलं. तिने सगळं नीट ऐकलं, कागदावर आकृती काढून दोन प्रश्न विचारले. प्रश्न चांगले होते. मग म्हणाली, "काका, सोडू नका हां." मी म्हटलं, सोडतोय कशाला, तूच सोडलेलं दिसतंय. तिचे डोळे भरून आले. हल्लीच्या मुलींना जरा बोललेलं खपत नाही.

९ नोव्हेंबर, बुधवार

दिवाळी गेली. शाळेची मुदत गेली. बोर्ड आज सकाळी अकरालाच बंद पडला, म्हणजे सुधारायच्या ऐवजी उतरतीला लागला आहे. पाच महिने. कंपनीत माझ्या हाताखाली अख्खं प्लँट चालायचं, तापमान, दाब, पातळी, सगळं. इथे तळहाताएवढा बोर्ड माझं ऐकत नाही. त्यांनी मला काढलं ते बरोबरच असेल.

हातोडी घेतली. सारा दारात उभी होती. तिने अडवलं नाही.

"फोडा," ती म्हणाली. "पण उद्या सकाळी उठून काय करणार ते आधी सांगा."

असला काय प्रश्न. हातोडी ठेवून दिली. तिने ती उचलून कुठेतरी लपवली, दिवसभर सापडली नाही.

२१ नोव्हेंबर, सोमवार

सापडला.

सकाळी अक्कल आणि दुपारी नाही, याचा अर्थ उष्णता, हे मला केव्हाच कळायला हवं होतं. कळलं होतंही, पण मी तापणाऱ्या आयसींकडे बघत राहिलो. आज दुपारी बोर्ड बिघडू दिला. मग फ्रीजमधले बर्फाचे खडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधले आणि एकेका भागावर टेकवत गेलो. आयसीवर टेकवला, काही नाही. दुसऱ्यावर, काही नाही. कोपऱ्यात ठोके निवडणारा भाग आहे, तिथे एक कपॅसिटर, मसुरीच्या डाळीएवढा, तपकिरी. त्याला बर्फ लागला आणि बोर्ड वाचायला लागला. बर्फ काढला, थोडं थांबलो, पुन्हा चूक. पुन्हा बर्फ, पुन्हा बरोबर.

ठोका केव्हा बघायचा आणि केव्हा डोळे मिटायचे, ती वेळ हा कपॅसिटर ठरवतो. बोर्ड तापला की हा आपली किंमत बदलतो आणि सगळं जरा आधी मिटतं. बाहेरच्या ट्रॅकवर ते खपून जातं, आत खपत नाही. पैसे वाचावेत म्हणून मी जुन्या रेडिओतून काढून लावलेला. त्याच्या जागी चांगला, उष्णतेला न हलणारा बसवला. तो माझ्याच डब्यात पडून होता.

बोर्ड दुपारभर चालला. कौलांखाली खोली तापून अंग घामाने निथळत होतं, बोर्ड चालत होता. शेवटच्या ट्रॅकपर्यंत.

साराला दाखवलं. मला वाटलं ती हसेल. ती खुर्चीला धरून उभी राहिली. "झालं म्हणजे पुरतं? आता काय राहिलं नाय?" म्हणाली. मी म्हटलं, काही राहिलं नाही. तिचा चेहरा उतरला. पाच महिने जिने माझा हा पसारा सहन केला तिचा चेहरा काम झाल्यावर उतरतो, याला काय म्हणावं.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी बोर्ड पिशवीत घालून पेणला निघालो तेव्हा सारा म्हणाली, आधी रोहिणीला फोन करू, मग जा. दोनदा म्हणाली. मी ऐकलं नाही.

जिना चढून वर गेलो. भिंतीला रंग जुनाच. खोलीत पांढऱ्या रंगाचे नवे पीसी, ओळीने मांडलेले. प्रत्येकासमोर दोन-दोन मुली. पेटीच्या तोंडावरच फ्लॉपीची फट. एका मुलीने फ्लॉपी आत सारली, बोटाने एक कळ दाबली, झालं. ती बघतसुद्धा नव्हती.

रोहिणीने मुलींना लवकर सोडलं. मी विचारलं, केव्हापासून. गणपतीनंतर, म्हणाली. शाळेच्या बाईंनी ऑगस्टमध्येच सांगितलं होतं, जुने चालणार नाहीत. बँकेने कर्ज दिलं. मी म्हटलं, एकाचं झाकण काढ. तिने काढलं. आत एक कार्ड खोचलेलं, त्यावर माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा एक आयसी, त्यातून तीच चौतीस तारांची पट्टी ड्राइव्हकडे गेलेली. माझा सगळा बोर्ड, जून ते नोव्हेंबर, त्या नखात. आणि तो दुपारीही चालतो.

"मला का सांगितलं नाहीस?"

ती बाकावर बसली. "काकूंनी सांगितलं होतं, तुम्हाला कळू द्यायचं नाय. जूनमध्ये पण काकूंनीच बाबांना सांगून मला बोलावलेलं. तेव्हा बोर्ड मला खरंच पायजे होता, काका, ते खोटं नव्हतं. नंतर नको झाला. मी काकूंना तसं सांगितलं. तर त्या म्हणाल्या, ते आता सकाळी आपणहून उठतात. उठू दे."

मी पिशवी उचलली. ती म्हणाली, बोर्ड ठेवून जा, जुन्या मशीनवर लहान पोरांना शिकवीन. मी म्हटलं, मला भीक नको. नागोठण्यापर्यंत एस.टी.त उभाच होतो. बसायला जागा होती, पण बसवलं नाही.

२७ नोव्हेंबर, रविवार

गुरुवारपासून साराशी बोललो नाही. ती वाढायची, ताट उचलायची.

आज दिनानाथ आला. मी दारातच म्हटलं, आता यायची गरज नाही, पहारा उठला. तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला. म्हणाला, "जेकब, पुलावर मी तुला बघितलं तेव्हा तुझ्या चपला तू काढून बाजूला नीट लावून ठेवलेल्या. मी तुला स्कूटरवर बसवलं आणि मग चपला घ्यायला परत फिरलो. मी हे कुणाला सांगितलं नाय. फक्त वहिनीला." आणि चहा न घेता गेला.

मी खोलीत येऊन बसलो. चपलांचं मला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. दिवसभर आठवायचा प्रयत्न केला, आणि दुपारी आठवलं.

साराला हाक मारली. ती आली. मी विचारलं, शीराला तू काय सांगितलंस? विमानाचं, थंडीचं?

"खरं सांगितलं. तुझ्या बाबांना एकटं ठेवून येता येत नाय, म्हटलं. ती म्हणाली, आई, तू तिथंच थांब."

"तुझी पहिली नात."

"व्हय."

"आणि दारात अंथरूण?"

"तुम्ही उठलात तर माझ्यावर पाय पडला असता," ती म्हणाली. "मग मला जाग आली असती."

मला राग आलेलाच होता. पाच महिने मला लहान पोरासारखं खेळणं देऊन बसवलं, याचा राग अजून आहे, तो लिहून जाणार नाही. मी तिला तसं म्हटलं. ती म्हणाली, रागवा. मग मी विचारलं, बोर्ड जुलैतच पुरता झाला असता तर काय केलं असतंस? ती म्हणाली, "रोहिणीला सांगितलं असतं, दुसरं कायतरी मोडकं आण."

मग मी तिला पुलावरचं सगळं सांगितलं. हवा खायला गेलो नव्हतो हे सांगितलं. पाण्याकडे बघताना काय वाटत होतं ते सांगितलं, आणि पाठीचं दुखणं पाठीत नव्हतं तेही. हे तिला ठाऊक होतं, पण माझ्या तोंडून तिने ऐकलेलं नव्हतं. ती माझा हात धरून बसली. रडली नाही. आता असं वाटतं का, एवढंच तिने विचारलं. मी म्हटलं, कधी कधी वाटतं. वाटलं की तुला सांगीन. ती म्हणाली, सांगायचंच. आणि मोठ्या डॉक्टरकडे जायचं, पाठीच्या नाय. मी हो म्हटलं.

२ डिसेंबर, शुक्रवार

दिनानाथबरोबर मुंबईला जाऊन मोठ्या डॉक्टरला दाखवलं. गोळ्या दिल्या, पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलं. त्याने पाठीला हातही लावला नाही. परत येताना दिनानाथने नागोठण्याला भजी खाऊ घातली. त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल मी माफी मागायला गेलो, तर तो म्हणाला, तिखट आहेत, पाणी घे.

पासपोर्ट काढून बघितले. माझा संपायला आला आहे. अर्ज करायचा. शीराकडे जायचं, नातीला बघायचं. कायमचं की परत यायचं ते तिकडे गेल्यावर ठरवू. साराला हे पटलं.

बोर्ड पेणला पाठवून दिला. रोहिणीचा निरोप आला, पोरं भांडतात त्याच्यासाठी. असेल किंवा नसेल. पुन्हा फसवत असेल तर फसवू दे.

६ डिसेंबर, मंगळवार

आज सारा उठली नाही.

मी उठलो तेव्हा उजाडलं होतं आणि ती आतल्या खोलीत कुशीवर झोपलेली. लग्न झाल्यापासून ती माझ्याआधी उठली नाही असा दिवस मला आठवत नाही. घाबरून कपाळाला हात लावला. ताप नाही. श्वास संथ, तोंड जरासं उघडं, एक हात उशीवरून खाली लोंबत होता. इतकी गाढ झोप मी तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांत बघितली नव्हती. मेपासून ती अशी झोपली नसणार.

चहा केला. साखर जास्त पडली. तिच्या वाट्याचा झाकून ठेवला, तो निवला, पुन्हा गरम केला, पुन्हा निवला. उन्हं अंगणात उतरली. मी तिच्या खोलीच्या दारापाशी पाट टाकून बसलो.

दूधवाला आला आणि रोजच्यासारखी मोठ्याने हाक घालायला त्याने तोंड उघडलं. मी उठून त्याला अंगणाच्या बाहेरच गाठलं आणि म्हटलं, हळू, घरात माणूस झोपलं आहे.